एकाच भांड्यात, पण एकदम नाही

एका भांड्यात होणारा चिकन पास्ता बिघडतो तो बहुधा पाण्यावरून. तिखट कमी-जास्त झालं तर खाणारे सांभाळून घेतात, चीज कमी पडलं तर वरून किसता येतं. पण पाणी चुकलं की पास्ता एक तर तळाला लागतो, नाहीतर त्याचा गिच्च गोळा होतो, आणि दोन्ही प्रसंगांत चिकन वातड होऊन बसतं. पास्ता भरपूर पाण्यात उकळून गाळायचा आणि सॉस वेगळा करायचा, या नेहमीच्या पद्धतीत पाण्याच्या मापाला फारसं महत्त्व नसतंच. इटलीत त्यासाठी लक्षात ठेवायला सोपे आकडे सांगतात: १० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम पास्ता, १००० मिलिलिटर पाणी. उरलेलं पाणी शेवटी सिंकमध्येच जाणार असतं, वाटीभर इकडे-तिकडे झालं तरी बिघडत नाही. एका भांड्याच्या पद्धतीत मात्र ओतून देण्यासारखं काही नसतं. जे घातलं ते सगळं ताटात येतं. काम कमी, पण अंदाजपंचे कारभार चालत नाही, असा हा प्रकार आहे.

हिशोब एकदा नीट मांडला की मात्र तो कायमचा हाती येतो. २५० ग्रॅम सुका पेने, म्हणजे आखूड नळ्यांचा पास्ता, धरू; अर्ध्या किलोच्या पाकिटातला निम्मा. काटा नसेल तर २४० मिलिलिटरच्या मापानं साधारण अडीच कप. हा पास्ता दाताखाली किंचित लागेल इतपत शिजेपर्यंत आपल्या वजनाच्या सव्वा ते दीडपट पाणी पितो. धरा ३२५ मिलिलिटर. २८ सेंटिमीटर रुंदीच्या भांड्यावर झाकण तिरकं ठेवून मध्यम आचेवर तेरा-चौदा मिनिटं उकळताना अंदाजे २२५ मिलिलिटर वाफ होऊन जातं. आणि शेवटी पास्त्याला लपेटून राहील एवढा रस्सा हवा, त्याचे २०० मिलिलिटर. एकूण ७५० मिलिलिटर. म्हणजे दर १०० ग्रॅम पास्त्याला ३०० मिलिलिटर पाणी.

आता यातली मेख अशी, की हे प्रमाण सरसकट गुणून चालत नाही. पाहुणे आले म्हणून त्याच भांड्यात ५०० ग्रॅम पास्ता करायचा ठरवलात तर पिण्याचं पाणी दुप्पट होतं, रश्श्याचं दुप्पट होतं, पण वाफेचं होत नाही. भांड्याचं तोंड तेवढंच आहे. म्हणजे दीड लिटर नको, १३०० मिलिलिटर पुरे. उलट, दोघांपुरता १२५ ग्रॅम त्याच रुंद भांड्यात करायला घेतलात तर ३७५ मिलिलिटर पाणी कमी पडतं, कारण वाफ पूर्वीइतकीच उडते आहे. तिथे ४७५ ते ५०० लागतं. ‘अर्धं प्रमाण केलं आणि करपलं’ ही तक्रार यातूनच येते. दोघांसाठी २२ सेंटिमीटरचं भांडं घ्यावं, मग ४०० मिलिलिटरमध्ये काम होतं. झाकण घट्ट लावलं तर पहिल्या हिशोबातले शंभरेक मिलिलिटर कमी करायचे, झाकणच नसेल तर तेवढे वाढवायचे.

हे आकडे पाठ करायची गरज नाही. प्यायला किती, उडायला किती आणि उरायला किती, हे तीन रकाने डोक्यात असले की भांडं कुठलंही असो, अंदाज बरोबर येतो.

पास्ता मोजक्या पाण्यात शिजवणं ही काही परवाची कल्पना नव्हे. इटलीतच ‘रिसोत्ताता’ म्हणून पद्धत आहे: रिसोत्तो या मऊसर इटालियन भाताच्या तांदळासारखं थोडं थोडं पाणी घालत पास्ता तव्यातच शिजवायचा. दक्षिणेकडच्या बारी शहरात तर कच्ची स्पगेटी लोखंडी पॅनमध्ये घालून, वर टोमॅटोचं पातळ पाणी पळीपळीनं सोडत, मुद्दाम खालून करपवतात. तिला ‘आस्सासिना’ म्हणतात. २००९ साली अन्नाच्या रसायनशास्त्रावर लिहिणारे हॅरल्ड मॅकगी यांनी कमी पाण्यात, तेही गार पाण्यापासून सुरुवात करून, पास्ता व्यवस्थित शिजतो हे वृत्तपत्रातून मांडलं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मार्था स्टुअर्ट यांच्या घर-स्वयंपाकाच्या मासिकात लिंग्विनी (लांब, चपटा पास्ता), चेरी टोमॅटो, कांदा, लसूण, बेसिल, ऑलिव्ह तेल आणि पाणी असं सगळं कच्चंच एकत्र टाकून नऊ-दहा मिनिटांत करायची कृती आली, आणि मग ‘वन पॉट’ची लाट जगभर पसरली. आपल्याकडे तर वरणफळं किंवा चकोल्या घरोघरी होतात. उकळत्या वरणात कणकेचे तुकडे सोडायचे, ते तिथेच शिजतात आणि त्यांच्याच पिठानं वरण दाट होतं. ज्यांना चकोल्या जमतात त्यांना या पद्धतीत नवं असं फार थोडं आहे.

पण मासिकातल्या त्या कृतीत चिकन नव्हतं, आणि गोची नेमकी तिथे आहे. टोमॅटो, कांदा, लसूण, पास्ता या सगळ्यांना दहा मिनिटं उकळलं तर कुणाचं काही बिघडत नाही. चिकनच्या छातीचे लहान तुकडे मात्र पाच-सहा मिनिटांत आतून ७४ अंशांपर्यंत पोचतात, म्हणजे खाण्यालायक होतात, आणि त्यापुढची प्रत्येक मिनिट त्यांच्यातलं पाणी पिळून काढते. पास्त्याला तेरा मिनिटं लागतात. दोघांना एकदम भांड्यात सोडलं की एकाचा बळी ठरलेला. ‘सगळं एकत्र टाका आणि झाकण लावा’ अशा चिकन पास्त्याच्या कृती इंटरनेटवर ढिगानं आहेत. त्या होतात, खाल्लंही जातं. पण उकडलेलं पांढुरकं चिकन आणि कच्चट टोमॅटोचा पाणचट रस्सा याला रात्रीचं जेवण म्हणावं का, हा प्रश्न उरतोच. भांडं एकच ठेवावं. वेळा वेगवेगळ्या ठेवाव्यात.

(खुद्द इटलीत चिकन आणि पास्ता एका ताटलीत सहसा येत नाहीत, पास्ता आधी, मांस नंतर. दोघांची गाठ मारली ती अमेरिकेनं. रोममधला खानावळवाला अल्फ्रेदो दि लेलियो याच्या मूळ फेत्तुचिनेत, म्हणजे रुंद पट्ट्यांच्या पास्त्यात, फक्त लोणी आणि पार्मेजान चीज होतं, क्रीमही नाही आणि चिकनही नाही. तेव्हा आपण त्यात काश्मिरी मिरची घातली तर इटालियन परंपरेचा भंग वगैरे होत नाही. तो कधीच झालेला आहे.)

पास्ता घेताना पाकिटाची मागची बाजू वाचावी. ‘ड्युरम गव्हाचा रवा’ असं लिहिलेलं असेल तरच या पद्धतीला घ्यावा. ड्युरम गहू कडक, प्रथिनांचा. त्यातल्या ग्लुटेन या चिवट प्रथिनाची जाळी स्टार्चला धरून ठेवते, म्हणून पास्ता उकळ्या खाऊनही आकार सोडत नाही. महाराष्ट्रात पिकणारा बन्सी गहू हा ड्युरमच. मैद्याचा पास्ता स्वस्त मिळतो, पण तो बाहेरून विरघळू लागतो तेव्हा आतून अजून कच्चा असतो. गाळायच्या पद्धतीत ते लपून जातं. इथे सगळा लगदा रश्श्यात उतरतो. मैद्याचाच हाताशी असेल तर पाणी दहा टक्के कमी घ्या आणि दोन मिनिटं आधीपासून चाखायला लागा. अख्ख्या गव्हाचा पास्ता उलट जास्त पाणी पितो, त्याला ५० मिलिलिटर वाढवा. तांदळाचा किंवा ग्लुटेनविरहित पास्ता या पद्धतीत घालूच नये, तो तुटून जातो.

आकारांत पेने, फुसिली, रिगातोनी चांगले. हलवताना ते एकमेकांवर सरकतात, चिकटत नाहीत. स्पगेटी साधारण २५ सेंटिमीटर लांब असते, २८च्या भांड्यात ती आडवी मावते. त्याहून लहान भांडं असेल तर मोडावी लागते, आणि मोडून घेतली तरी पहिली दोन मिनिटं चिमट्यानं सतत सोडवत राहावं लागतं. कामाच्या दिवशी एवढी उठाठेव कुणी सांगितली आहे?

भांडं रुंद, जाड बुडाचं, किमान सहा-सात सेंटिमीटर खोल आणि झाकणाचं हवं. तिहेरी थराचं स्टीलचं पसरट भांडं सगळ्यात उत्तम, कारण चिकन त्याच्या तळाला चिकटतं आणि खरपूस खरवड तयार होते. पुढची अर्धी चव त्या खरवडीत आहे. नॉनस्टिकमध्ये पदार्थ होतो, पण खरवड जवळजवळ मिळत नाही. लोखंडी कढई चिकन परतायला झकास, पण टोमॅटो त्यात वीस मिनिटं शिजला की धातूची चव उतरते आणि रंग काळपट होतो. अ‍ॅनोडाइज न केलेल्या अ‍ॅल्युमिनियमलाही तोच नियम.

कुकरचा विषय निघतोच, म्हणून एवढंच: पास्त्याचा फेस वर चढून शिट्टीच्या नळीत अडकू शकतो, मधे हलवता येत नाही, आणि थांबायचा क्षण हुकतो. भाताला कुकर आहे, तिथे तो बरा.

आता चिकन. ४०० ग्रॅम बोनलेस लागेल. दुकानात नुसतं ‘बोनलेस द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा छातीचं मिळतं. ‘मांडीचं बोनलेस’ असं स्पष्ट मागा. मांडीत चरबी आणि जोडऊती जास्त असतात, त्यामुळे ती ८० अंशांच्या पुढे गेली तरी कोरडी पडत नाही, उलट मऊ होते. या पदार्थात मांडी घेतली की निम्मी काळजी मिटते: ती पास्त्याबरोबर पहिल्यापासून शिजू शकते. छातीच हवी असेल तर तुकडे परतून बाहेर काढायचे आणि शेवटच्या चार मिनिटांत परत घालायचे. तुकडे तीन सेंटिमीटरचे. अगदी बारीक चिरले तर खालून रंग येईपर्यंत आतून सुकून जातात.

चिकन नळाखाली धरून धुणं टाळावं. त्याचे शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर उडतात आणि जंतू तिथे बसतात. शिजवताना ते मरणारच असतात, ओट्यावर मात्र मरत नाहीत. धुतल्याशिवाय चैन पडत नसेल तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हातानं धुवा, निथळा, आणि मग कागदी रुमालानं किंवा वेगळ्या ठेवलेल्या फडक्यानं अगदी कोरडं टिपा. ओल्या चिकनला रंग येत नाही. तापलेल्या तव्याची सगळी ताकद आधी ते पाणी उडवण्यात जाते, आणि पाणी आहे तोवर पृष्ठभाग १०० अंशांपुढे सरकत नाही. खरपूस व्हायला १४० तरी लागतात.

मीठ चिकनच्या वजनाच्या एक टक्का, म्हणजे ४०० ग्रॅमला ४ ग्रॅम, पाऊण चमच्याला किंचित कमी. ते कधी लावायचं यालाही अर्थ आहे. लावल्यावर पहिली वीसेक मिनिटं मीठ आतलं पाणी बाहेर ओढतं आणि चिकन ओलंगच्च दिसतं. साधारण चाळीस मिनिटांनी ते पाणी मिठासकट परत आत मुरायला लागतं. म्हणून एक तर कढईत टाकायच्या अगदी आधी लावा, नाहीतर सकाळी कामावर निघताना लावून डबा फ्रिजमध्ये ठेवा. दुसरा मार्ग कामाच्या दिवसांना जास्त सोयीचा, आणि चवीलाही सरस. सोबत एक लहान चमचा ताजी भरडलेली मिरी. आलं-लसणाची पेस्ट, हळद, दही यांतलं काहीही लावू नका. हात आपोआप त्या डब्यांकडे जातो हे खरं, पण पेस्ट तेलात करपते, दही रंग येऊ देत नाही आणि हळद सगळ्या पास्त्याला पिवळं करून सोडते.

बाकीचं सामान: एक मध्यम कांदा बारीक चिरून, गावठी लसणाच्या आठ-दहा पाकळ्या (मोठ्या असतील तर चार), तीन लालबुंद टोमॅटो म्हणजे साधारण २५० ग्रॅम, दोन टेबलस्पून तेल, एक चमचा ओरेगॅनो, अर्धा चमचा मिरचीचे तुकडे, १०० मिलिलिटर फ्रेश क्रीम, ४० ग्रॅम चीज, मूठ-दोन मुठी पालक. टोमॅटो किसणीवर किसा, साल हातात राहते ती टाकून द्या. चिरलेल्या टोमॅटोच्या सालीच्या सुरळ्या पास्त्यात फार त्रासदायक लागतात. घट्ट, जाड सालीचे, फिकट टोमॅटो असतील तर त्यांना चव नसते; तिथे टेबलस्पूनभर टोमॅटो प्युरी मदतीला घ्यावी.

भांडं मध्यम-मोठ्या आचेवर दोन मिनिटं तापवा, मग तेल घाला, ते हलतं-चमकतं झालं की चिकनचे निम्मेच तुकडे अंतर ठेवून मांडा. निम्मे का, हे ज्यांनी सगळे एकदम टाकून पाहिले त्यांना सांगावं लागत नाही: तापमान धाडकन उतरतं, तुकडे पाणी सोडतात, आणि परतण्याऐवजी चिकन स्वतःच्याच पाण्यात उकडायला लागतं. मांडल्यावर तीन मिनिटं हात लावायचा नाही. रंग आलेला तुकडा आपण होऊन तळ सोडतो. कालथ्यानं ओढावा लागतोय म्हणजे अजून झालेला नाही. एका बाजूला गडद रंग आला की पुरे, दुसरी बाजू मिनिटभर. ताटलीत काढा आणि उरलेले तुकडे तसेच करा. आतून कच्चे असतील, असू देत.

आच मध्यम करा. त्याच तेलात कांदा आणि चिमूटभर मीठ. कांद्याला पाणी सुटतं आणि त्या पाण्यानं तळाची खरवड सैल होते, ती लाकडी उलथण्यानं खरवडत राहा. चार-पाच मिनिटांत कांदा मऊ, सोनेरी होतो. लसूण, ओरेगॅनो, मिरचीचे तुकडे घालून अर्धा मिनिट. लसूण तपकिरी झाला की कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. मग किसलेला टोमॅटो. तो सहा-सात मिनिटं, कडेनं तेल सुटेपर्यंत परता. घाईत लोक हीच पायरी गाळतात. पण पाणी घातल्यानंतर टोमॅटोचा कच्चेपणा जाईल ही आशा फोल आहे, कारण पाण्यात तो फक्त उकळतो, आटत नाही. रश्श्याची खोली या सात मिनिटांत ठरते.

सुका पास्ता घालून मिनिटभर मसाल्यात घोळवा. मग ७५० मिलिलिटर उकळतं पाणी आणि सपाट चमच्याला किंचित कमी, म्हणजे ५ ग्रॅम, मीठ. इथे १० ग्रॅमला लिटरचा नेहमीचा हिशोब लावू नका. ते मीठ गाळलेल्या पाण्याबरोबर निघून जायचं असतं. इथे सगळं पोटात जाणार, शिवाय चिकनला मीठ लागलेलं आहे आणि चीज खारट आहे. गार पाणी घातलं तर पास्ता बिघडत नाही, पण उकळी यायला पाच-सहा मिनिटं जातात आणि पाकिटावरच्या वेळेशी मेळ बसत नाही. शेजारच्या शेगडीवर आधीच पाणी ठेवलेलं बरं.

मांडीचं चिकन आता, ताटलीत साठलेल्या रसासकट, आत जाईल. पहिली दोन मिनिटं पळी थांबवू नका. पास्त्याच्या पृष्ठभागावरचा स्टार्च ६० अंशांच्या आसपास फुगून चिकट होतो. या वेळात दोन तुकडे एकमेकांना चिकटले तर त्यांच्या मधला भाग शेवटपर्यंत कच्चा राहतो. नंतर झाकण तिरकं, आच मध्यम, सगळ्या पृष्ठभागावर बुडबुडे दिसतील इतपत, आणि दर दोन मिनिटांनी तळापासून एकदा ढवळणं. मंद आचेवर ठेवून विसरलात तर स्टार्च तळाशी बसतो आणि लागतो.

वेळेबद्दल पाकिटावर पूर्ण विश्वास नको. ११ मिनिटं लिहिलं असेल तर १३-१४ धरा, कारण टोमॅटोच्या दाट रश्श्यात पास्त्याला पाणी सावकाश मिळतं. पुण्यात, साडेपाचशे मीटर उंचीवर, पाणी ९८ अंशांनाच उकळतं, तिथे आणखी मिनिट. महाबळेश्वरला सहलीच्या बंगल्यात करणार असाल तर ९५-९६ अंशांत दोन-तीन मिनिटं जास्तच. दहाव्या मिनिटापासून एक नळी मोडून बघत राहा. मध्यभागी पांढरा ठिपका दिसतो आहे तोवर कच्चा. ठिपका जेमतेम नाहीसा झाला की थांबायचं. त्या वेळी भांड्यातला रस्सा थोडा जास्त पातळ वाटला पाहिजे. उतरवल्यावर तीन मिनिटांत तो आळतो, पास्ताही आणखी थोडं पाणी पितो. भांड्यातच ‘बरोबर’ दिसला तर ताटात गोळा येणार.

पास्ता शिजला, पण पाणी फार उरलं, तर झाकण काढून मोठ्या आचेवर मिनिटभर जोरात ढवळा. घुसळण्यानं स्टार्च आणि तेल मिळून येतं आणि रस्सा पळीच्या पाठीवर धरायला लागतो. कॉर्नफ्लोअर घालू नका, स्टार्च आत भरपूर आहे. पाणी संपलं आणि ठिपका अजून आहे, तर उकळतं पाणी ५०-५० मिलिलिटर करून घाला. एकदम पाव लिटर ओतलंत तर दोन मिनिटांपूर्वीची तक्रार उलटी होऊन समोर येते.

क्रीम गॅस बंद केल्यावर. आपल्याकडच्या खोक्यातल्या फ्रेश क्रीममध्ये २५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो. टोमॅटोच्या आंबटपणात ते खळखळ उकळलं तर फुटू शकतं. परदेशात मिळणारं ३६ टक्क्यांचं हेवी क्रीम उकळी सहन करतं, कारण त्यात चरबी जास्त आणि फुटणारं प्रथिन कमी. दूध घालून भागवायचा मोह टाळावा. टोमॅटोच्या रश्श्यात दूध नासतंच. दुधाचाच पांढरा पास्ता करायचा असेल तर टोमॅटो पूर्ण वगळा आणि पाण्यातलं ३०० मिलिलिटर कमी करून तेवढं फुल क्रीम दूध घ्या, आच कमी ठेवा, ढवळणं दुप्पट. घरची साय चालते, पण आधी मिक्सरमधून फिरवलेली. नाहीतर तिचे कण तरंगतात. थोडं फुटलंच तर दोन चमचे गरम पाणी घालून जोरात ढवळा, स्टार्च बहुतेक वेळा सांभाळून घेतो.

चीजबाबत मत स्पष्ट आहे: या पदार्थाला साधं प्रोसेस्ड चीज लाजिरवाणं नाही. त्यातल्या क्षारांमुळे ते गुठळ्या न होता वितळतं. पार्मेजान असेल तर चव वेगळ्याच पातळीवर जाते, पण ते अगदी बारीक किसून, आच बंद करून, थोडं थोडं घालावं. उकळत्या रश्श्यात त्याचे चिवट गोळे होतात. मोझरेला नको. तारा येतात, चव येत नाही.

पालक शेवटच्या मिनिटाला, फ्रोझन मटार दोन मिनिटं आधी, ब्रोकोली चार. मशरूम मात्र चिकनच्या आधी वेगळे परतून घ्यावेत. त्यांच्यात नव्वद टक्के पाणी असतं, ते आपल्या तीन रकान्यांत चौथा घुसडतं. वरून बेसिल हवा असेल आणि दारात सब्जाचं रोप असेल तर बाजारात जाऊ नका, ती एकच वनस्पती आहे, वास थोडा बडिशेपेकडे झुकतो एवढंच. तुळस वेगळी, तिचा लवंगेसारखा उग्र वास क्रीमशी भांडतो. लिंबाचे चार थेंब मात्र घालाच. क्रीम आणि चीजमुळे आलेला जडपणा त्यानं सुटतो.

हे सगळं पस्तीस-चाळीस मिनिटांत होतं, मीठ सकाळी लावलेलं असेल तर. तीन भुकेल्या माणसांना किंवा दोन मोठे आणि दोन मुलं यांना पुरतं. शिल्लक ठेवण्याच्या हेतूनं जास्त करू नये, त्याला दोन कारणं. पहिलं, पास्ता फ्रिजमध्येही पाणी पीत राहतो. सकाळी रस्सा नावाची गोष्ट उरलेली नसते. उरलाच तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी वाटीला दोन-तीन चमचे पाणी शिंपडून, झाकून, वाफा येईपर्यंत कडकडीत गरम करा, आणि गरम केलेला पुन्हा ठेवू नका. दुसरं कारण पंचांगाचं. आपल्या कित्येक घरांत आठवड्यातलं चिकन येतं बुधवारी, आणि दुसऱ्या दिवशी गुरुवार असतो. तेव्हा डब्यात उरलेला पास्ता न्यायला घरात कुणी राजी नसतं, म्हणून बुधवारी २५० ग्रॅमच मोजून घ्यावा.